या चुका टाळा: साथीच्या काळात दिव्यांग विद्यार्थी आणि रुग्णांना सांभाळताना

कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं ५ मे २०२३ला जाहीर झालं. माझ्या वहीतली चुकांची यादी मात्र अजून वाढतेच आहे, कारण साध्या फ्लूची लाट आली तरी शाळा आणि दवाखाने त्याच दगडाला ठेचकाळतात. मी विशेष शिक्षिका आहे. यातल्या निम्म्या चुका पहिल्या महिन्यात मी स्वतः केल्यात, तेव्हा शहाणपणाचा आव नाही. पण तेच तेच पाहून आता कंटाळा आलाय, हे खरं.

वहीच्या पानाचा फोटो पाठवणं

शाळा बंद झाली की ज्याला त्याला घाई सुटते. फळ्याचा नाहीतर वहीचा फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, झालं शिकवून. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय, त्या फोटोपाशी येतो आणि 'इमेज' एवढंच म्हणून पुढे जातो. स्कॅन करून पीडीएफ केली तरी तेच, कारण आत अक्षरं नाहीतच, चित्र आहे. पानावर बोट दाबून ठेवा. एखादा शब्द निवडता आला तर मजकूर, नाही आला तर फोटो.

मग कोणीतरी हुशार सुचवतं, 'अ‍ॅपमधून अक्षरं काढून घेऊ'. घ्या, पण तपासल्याशिवाय पाठवू नका. भाषेचा धडा एक वेळ निभावतो. गणितात 'क्ष'चा वर्ग म्हणून वर बसलेला २ खाली उतरतो आणि उदाहरणच बदलतं. जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधलं मराठीही चालत नाही. पडद्यावर सुबक दिसतं, कानाला मात्र नुसती खिचडी ऐकू येते.

माझी सवय अशी: युनिकोडमध्ये टाइप करते, आकृती असेल तर ती दोन-तीन वाक्यांत सांगते, मग माझ्याच फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू करून डोळे मिटून ऐकते. मला कळलं नाही, तर मुलाला काय कळणार? यात अर्धा तास जातो. तेवढा वेळ नाही म्हणणाऱ्या नव्या शिक्षकांना मी एवढंच विचारते, की बाकीच्या वर्गाला कोरा कागद पाठवला असता का?

मास्कआडून ओरडणं

समोरच्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर आवाज चढवायचा, हा जुनाच रोग. मास्क नेमके वरच्या पट्टीतले आवाज खातो. 'स', 'श', 'फ' आधी जातात. ओठ तर दिसतच नाहीत. ओरडून फक्त कपाळावर आठ्या दिसतात आणि कर्णबधिर माणसाला वाटतं, आपल्यावर कोणी चिडलंय. पारदर्शक मास्क चांगले, पण वाफ धरतात. मी खिशात छोटी पाटी आणि खडू ठेवते. फोनवर बोललेलं लिहून दाखवणारी सोय आहे, पण औषधाचं नाव आणि मात्रा तिच्या भरवशावर सोडू नका, हातानेच लिहा.

ऑनलाइन तासाला सांकेतिक भाषेचा दुभाषक असेल, तर त्याची चौकट पिन करा, म्हणजे ती पडद्यावर कायम दिसेल. आणि कानामागे श्रवणयंत्र असणाऱ्याला इलास्टिकचा मास्क देऊ नका. मास्क ओढताना यंत्र उडून पडतं. डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचा द्या.

या एकेका ओळीच्या

सगळ्यांना कोपरात खोकायला शिकवलं आणि मग अंध माणसाला तेच कोपर धरायला दिलं! खांदा पुढे करा.

इलेक्ट्रिक व्हीलचेअरच्या जॉयस्टिकवर थेट फवारा मारू नका. फडक्यावर घ्या, पुसा, आणि त्याआधी बसलेल्या माणसाला विचारा. खुर्ची त्याची आहे.

फिटची गोळी 'दोन दिवस मिळाली नाही' हे कारण चालत नाही. ती अचानक थांबली तर न थांबणारा झटका येऊ शकतो. चार आठवड्यांचा साठा घरात हवा.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला शाळेच्या दारातच पहिल्यांदा मास्क चढवू नका. घरी आधी पाच सेकंद, मग दहा, तेही त्याच्या आवडीच्या खेळात. तरी नाही जमलं तर नाही जमलं. अपंगत्व असलेल्या मुलांवर मास्कची सक्ती नको, ज्याचं त्याचं बघून ठरवा, हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ऑगस्ट २०२०मध्येच सांगितलं होतं.

सोबत्याला 'भेटायला आलेला' समजणं

हे मात्र मी सविस्तर सांगणार, कारण याचा राग अजून गेलेला नाही.

माझा एक जुना विद्यार्थी, वय एकोणीस, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा नसणं. डोकं तल्लख, उच्चार मात्र घरच्यांनाच कळतात. बाहेर तो अक्षरांच्या फळीवर डाव्या हाताची मूठ टेकवत बोलतो. २०२१च्या लाटेत त्याला दाखल केलं. दारावर नियम होता, भेटायला येणाऱ्यांना बंदी. आईला तिथेच थांबवलं. फळी कपड्यांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पलंगाखाली गेली. केसपेपरवर दोन नोंदी झाल्या: 'संवाद शक्य नाही' आणि 'जेवण नाकारतो'.

तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने मला फोन केला. मी वॉर्डातल्या सिस्टरना व्हिडिओ कॉलवर गाठलं आणि पिशवी उघडायची विनंती केली. त्या दमलेल्या होत्या, पण भल्या होत्या. त्यांनी फळी पुढे धरली. मूठ थरथरत 'ब'वर गेली, मग 'स'वर, 'व'वर, आणि शेवटी कान्यावर. बसवा. त्याला आडवं ठेवून भरवत होते. आडव्याने गिळलं की घास श्वासनलिकेत जातो, हे त्याला लहानपणापासून माहीत. म्हणून तो तोंड मिटून होता. पाठीशी उशा लावल्या आणि त्याने वाटीभर पेज संपवली.

सोबती हा पाहुणा नव्हे. तो चष्म्यासारखा, श्रवणयंत्रासारखा उपचाराचा भाग आहे. पुढे बऱ्याच ठिकाणी नियमात तशी सूट आली. एका ठरलेल्या सोबत्याला पीपीई किट घालून आत घेणं अशक्य नव्हतंच. आणि दुसऱ्याच्या आधाराने जगतो म्हणजे वाचण्याची आशा कमी, हा हिशेब तर त्याहून वाईट. इंग्लंडमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेने मार्च २०२०मध्ये अतिदक्षता विभागात कोणाला घ्यायचं हे ठरवायला अशक्तपणाची मोजपट्टी सुचवली. ती मुळात वृद्धांसाठीची. ओरड झाल्यावर पाच दिवसांत, २५ मार्चला, त्यांना स्पष्ट लिहावं लागलं की सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा शिकण्यातली अक्षमता असणाऱ्यांना ती लावू नका.

तेव्हापासून मी प्रत्येक घराला एक कागद करायला लावते. दहाच ओळी, जाड मार्करने, लॅमिनेट केलेल्या, म्हणजे पुसता येतात. 'हो' आणि 'नाही' कसं सांगतो, कसा गिळतो, कुठे हात लावलेला सहन होत नाही, औषधं किती वाजता. एक प्रत पलंगाच्या डोक्याशी चिकटवायची, एक फोनमध्ये. लोक त्यात आजाराचा सगळा इतिहास कोंबतात. तो फाइलमध्ये असतोच. औषध बदललं की कागदही बदला, जुनी मात्रा चिकटलेली राहणं जास्त घातक.

त्या मुलाच्या कागदाची पहिली ओळ मी लिहिली होती, 'हा शांत आणि हसरा आहे'. त्याने ती खोडायला लावली. फळीवर चांगली दहा मिनिटं मूठ टेकवत त्याने स्वतःची ओळ सांगितली: 'मला सगळं समजतं. माझ्याशी बोला, आईशी नाही.'