परदेशातनं बंदूक सोलापूरला आणायची असेल तर

मागच्या वर्षी ह्यूस्टनवरनं भाच्याचा फोन आला, "मामा, मी कायमचा येतोय आता, माझ्याकडं दोन बंदुका आहेत, सामानात टाकून आणल्या तर चालतंय का ओ?" मी चहा पीत होतो, ठसकाच लागला. तिकडं मोठ्या दुकानात किराण्यासोबत काडतुसं मिळतात म्हणे, त्यामुळं त्याला हे चादर-टॉवेल नेण्यासारखंच वाटत होतं. मला विचारायचं कारण एवढंच की आमच्या घरात वडलांच्या वेळची बारा बोरची (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) दुनळी आहे, मंगळवेढ्याकडं शेती, रानडुकरांचा त्रास, त्यातनं परवाना निघालेला, आणि मी स्वतः पॉइंट टू टू रायफल मारतो, झोपून मारायची असते ती. एकदा स्वतःची रायफल जर्मनीला नेऊन परत आणलीय. त्या एका फेरीत जे शिकलो आणि भाच्यापायी जे विचारत फिरलो ते सगळं इथं लिहून ठेवतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, यातलं जवळजवळ सगळं काम विमानात बसायच्या आधीच होतं. कस्टमच्या काउंटरवर उभं राहून परवानगी मागता येत नाही, तिथं फक्त आधी काढलेली परवानगी दाखवता येते.

आता फिरायला गेला होता, तिकडच्या दुकानात पिस्तूल आवडलं, घेतलं आणि घेऊन आलो, हे होत नाही. ड्यूटी भरतो की साहेब, असंही होत नाही. बॅगेजमधनं बंदूक आणायला आपल्याकडं बंदीच आहे, सामानाला जी ड्यूटी फ्रीची सवलत असते त्यात बंदूक धरतच नाहीत. काडतुसं ५० च्या वर आणायला पण बंदी, आणि ५० पर्यंत चालतंय म्हणून कुणीही खिशात घालून यायचं असंही नाही, त्याला पण शस्त्र परवाना लागतोच. एअरगनबद्दल लई गैरसमज आहे. ४.५ मिलिमीटर बोरची आणि २० ज्यूलच्या आतल्या जोराची एअरगन घरात ठेवायला परवाना लागत नाही हे २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये आहे, पण घरात ठेवायला लायसन नको म्हणजे परदेशातनं आणायला मोकळीक आहे असं कुणी सांगितलं? त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळ्या खात्यांच्या. शूटर लोकं एअर रायफल मागवतात ती खेळाडू म्हणून, संघटनेच्या कागदावर, रीतसर.

आणि ते काडतुसाचे कीचेन, गोळीचं लॉकेट, रेंजवरची रिकामी पुंगळी आठवण म्हणून, ह्या असल्या वस्तू आणूच नका. एक्स-रेमध्ये गोळी ही गोळीच दिसते.

आता भाच्याची केस. काही वर्षं बाहेर राहून कायमचे परत येणाऱ्यांसाठी, म्हणजे ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्सवाल्यांसाठी, एक खिडकी उघडी आहे, पण ती लई बारीक. एकच बंदूक आणता येते. ती तुमच्याकडं परदेशात कमीत कमी १ वर्ष असायला पाहिजे, वापरात असायला पाहिजे, नुसती यायच्या आधी घेतलेली नाही. बोर आपल्याकडं चालणारा पाहिजे. आणल्यावर ती जन्मभर विकायची नाही, उसनी द्यायची नाही, मेव्हण्याला भेट पण द्यायची नाही. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे इथला शस्त्र परवाना हातात पाहिजे, अमेरिकेतला नाही, इथला.

भाच्याची पहिली बंदूक नाइन एमएमचं पिस्तूल. तिकडं सगळ्यात कॉमन तेच, आणि आपल्याकडं नाइन एमएम म्हणजे प्रोहिबिटेड बोर, म्हणजे बंदी असलेलं माप, सामान्य माणसाला मिळतच नाही. तो विषय एका मिनिटात संपला, म्हणलं विकून टाक बाबा. दुसरी बारा बोर शॉटगन, दोन वर्षं वापरलेली, ती बसत होती नियमात. पण परवाना? परवाना म्हणजे इथला पत्ता, पोलिस व्हेरिफिकेशन, डॉक्टरचं सर्टिफिकेट, हत्यार चालवायचं ट्रेनिंग घेतल्याचा कागद, आणि बंदूक का पाहिजे ह्याचं पटेल असं कारण. सोलापूर शहरात राहत असाल तर अर्ज पोलिस आयुक्तालयात, मंगळवेढा, बार्शी, मोहोळ असं ग्रामीणला असाल तर कलेक्टर ऑफिसला. जुळे सोलापुरात फ्लॅट आणि शेती गावाकडं असं ज्यांचं आहे त्यांनी कुठला पत्ता दाखवायचा ते आधी ठरवा, नाहीतर फाइल ह्या टेबलावरनं त्या टेबलावर फिरत बसते, आमच्या दुनळीच्या रिन्यूअलला हे भोगलंय.

कारण हा मुद्दा लोकं हलक्यात घेतात. अमेरिकेत माझ्याकडं होती म्हणून इथं पण पाहिजे, हे काय कारण नाही. शेतीचं संरक्षण, जिवाला धोका, खेळ, असं काहीतरी ठोस लागतं आणि त्याला पुरावा लागतो. भाचा आयटीतला, शेतीच्या उताऱ्यावर त्याचं नाव नाही. शिवाय तिकडनं बंदूक कायमची बाहेर काढायची तर अमेरिकेच्या एक्स्पोर्टचे नियम वेगळे, विमान कंपनीचे वेगळे. मी त्याला सरळ सांगितलं, भावा, ती शॉटगन केवढ्याची आणि तू खर्च केवढा करणार? शेवटी दोन्ही विकून आला. माझं विचाराल तर शंभरातल्या नव्वद जणांनी हेच करावं, आजोबांची आठवण वगैरे असेल तरच ह्या भानगडीत पडावं.

घरात आधीच परवाना असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, २०१९ च्या आर्म्स ॲक्टच्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. दोन आधीच असतील तर तिसरं परदेशातनं आणायचा विचार सोडा.

आता जास्त कामाचं, म्हणजे आपलीच बंदूक स्पर्धेला किंवा कॅम्पला बाहेर नेऊन परत आणणं. कोल्हापूरच्या पोरापोरींनी नेमबाजीत नाव काढल्यापासून, राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, आणि आता पॅरिसला २०२४ ला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मारणारा स्वप्नील कुसाळे, आपल्याकडच्या पोरांना पण नाद लागलाय, बालेवाडीला जाऊन मारतात. टीमबरोबर गेलात तर कागदाचं बरंचसं संघटना बघते. एकटे गेलात तर सगळं तुमच्या गळ्यात.

हत्यार देशाबाहेर न्यायला आणि परत आणायला आर्म्स ॲक्टखाली वेगळी परवानगी लागते, नुसत्या लायसनवर भागत नाही. त्यासोबत आपल्याकडच्या नेमबाजी संघटनेचं, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचं पत्र, तिकडच्या आयोजकांचं निमंत्रण, ज्या देशात चाललाय त्या देशाची हत्यार आत आणायची परवानगी. आणि मधे विमान बदलत असाल तर त्या मधल्या देशाचं पण विचारून घ्या, आखातात उतरून पुढं जाणारं तिकीट स्वस्त पडतं म्हणून लोकं काढतात आणि मग तिथं अडकतात. दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील, डायरेक्ट विमान बघा.

सीरियल नंबर. परत सांगतो, सीरियल नंबर. प्रत्येक कागदावर तोच, तसाच. माझ्या एका कागदावर टाइप करणाऱ्यानं शून्याच्या जागी इंग्रजी ओ मारला होता, घरी कुणाच्या लक्षात आलं नाही, मी पण बघितलं नाही, आणि विमानतळावर त्यावरनं जवळजवळ तीन तास उभं केलं. साहेबाची चूक नव्हती, कागदावर एक आणि बॅरलवर एक असेल तर तो तरी काय करणार. तेव्हापासनं मी बॅरलवरच्या नंबरचा जवळनं फोटो काढून त्याची प्रिंट फाइलमध्ये सगळ्यात वर लावतो. साइट, स्कोप ह्यांचे पण नंबर लिहा, महाग असतात, येताना नवीन घेतला का म्हणून विचारतात.

जाताना कस्टमकडनं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं, ह्यात हयगय करू नका. ही वस्तू माझीच होती, इथनंच नेली होती, हे सांगणारा तो कागद. तो असला की येताना ड्यूटीचा प्रश्न येत नाही, नसला तर रायफल तुमची आहे हे तुम्हालाच सिद्ध करत बसायचं. अधिकारी वस्तू डोळ्यानं बघून नंबर जुळवून सही करतो, म्हणून हे सामान चेक-इनला द्यायच्या आधी करावं लागतं. एकदा केस पट्ट्यावरनं आत गेली की संपलं. त्यामुळं चार-पाच तास आधी पोचा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरून दुपारचं विमान पकडायचा प्लॅन करू नका, आदल्या दिवशी जाऊन मुंबईत कुणाकडं तरी राहा. (अमेरिकेत पण असंच आहे, भाचा सांगत होता, तिकडचे लोकं शिकारीला बाहेर जाताना कस्टमकडं ४४५७ नंबरचा फॉर्म भरून बंदुकीचा नंबर टाकून घेतात, येताना तो दाखवतात. सगळीकडं अक्कल सारखीच.)

पॅकिंग असं, रायफल रिकामी, बोल्ट काढून, कडक केसमध्ये कुलूप लावून. काडतुसं वेगळी, त्यांच्या मूळ डब्यात, एका माणसाला ५ किलोपर्यंत, आणि विमान कंपनीला आधी कळवून त्यांची हो घेतलेली. एअर रायफलवाल्यांनी सिलिंडर पूर्ण रिकामा करा. केबिन बॅगेत ह्यातलं काहीही नाही, स्क्रू ड्रायव्हर पण नाही.

काडतुसाबाबत माझा एकच सल्ला, परत आणूच नका. जेवढी नेली, जेवढी मारली, जेवढी उरली हा हिशोब जुळवत बसायचं कशाला. शेवटच्या दिवशी रेंजवर संपवा किंवा तिथल्या क्लबला रीतसर जमा करून पावती घ्या, आणि मग प्रत्येक बॅगेचा प्रत्येक खिसा उलटा करा. जॅकेटची आतली बाजू, बुटाची पिशवी, पोराची शाळेची बॅग नेली असेल तर ती पण. एकच राहिलेली गोळी विमानतळावर सापडली की आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो. मला माहीतच नव्हतं, असं म्हणून सुटलेले लोकं आहेत, गुन्हा ठरायला ती माहीत असून जवळ बाळगलेली असावी लागते असं सुप्रीम कोर्टानं १९७२ च्या गुणवंतलालच्या केसपासनं सांगितलेलं आहे, पण ते सिद्ध करायला हायकोर्टापर्यंत जावं लागतं, आणि तोवर पासपोर्ट, नोकरी, वकिलाची फी, सगळ्याची वाट.

उतरल्यावर रेड चॅनल, म्हणजे कस्टमला काहीतरी दाखवायचं असणाऱ्यांची वाट. ग्रीनमधनं जायचा विचार पण नको, भले सगळे कागद असू देत. कस्टमच्या अतिथी ॲपवर आधीच डिक्लेअर करता येतं, ते करा, वेळ वाचतो. फाइल हातात, केसची चावी हातात, आणि केस स्वतः उघडायची नाही, ते सांगतील तेव्हाच. रांगेत मागच्या लोकांसमोर बंदूक आहे, बंदूक आहे असं मोठ्यानं बोलू नका, शस्त्राचा परवाना आहे, डिक्लेअर करायचंय, असं हळू सांगा.

समजा कागदात काहीतरी कमी निघालंच, तर कस्टम्स ॲक्टचं ८० कलम आठवा. खरं डिक्लेरेशन केलेलं असेल तर ती वस्तू कस्टमकडं ठेवून घ्या, मी देशाबाहेर जाताना परत द्या, अशी विनंती करता येते. पावती घ्यायची. लपवून नेताना सापडलात तर ही सोय नाही, सरळ जप्ती, आणि वर आर्म्स ॲक्ट आहेच.

मुंबईतनं सोलापूरला मी गाडीनंच आणली. लायसनवर एरिया काय लिहिलाय तो बघून ठेवा, नुसता जिल्हा असेल तर बंदूक मुंबईपर्यंत नेण्याचाच घोळ आहे, निघायच्या आधीच वाढवून घ्यायचा. वाटेत इंदापूर-टेंभुर्णीला जेवायला थांबलात तर एक माणूस गाडीतच बसणार, केस एकटी सोडायची नाही. आमच्यात त्या दिवशी मेव्हणा बसला, त्याला भाकरी-शेंगाचटणी गाडीतच नेऊन दिली, अजून बोलून दाखवतो.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी परवाना देणाऱ्या ऑफिसला आणि आपल्या पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं, हत्यार परत आलं, ही तारीख, हा नंबर, आणि पोच घ्यायची. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर ठाण्यात जमा करायची नोटीस आलेली असू शकते, घरच्यांनी ती फ्रिजवर ठेवलेली असते, आल्या आल्या विचारा.