स्क्रिप्ट बिघडली की व्ह्यूअर? सेकंड लाइफमध्ये या चुका टाळा

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात कधी दार उघडत नाही, मेन्यू येत नाही, वस्तू ढिम्म हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी कॅशे (कॉम्प्युटरवर साठवलेल्या प्रती) साफ करतात. मग इन्व्हेंटरी (आपल्या वस्तूंची यादी) आणि सगळी टेक्स्चर्स पुन्हा उतरवून घ्यावी लागतात, आणि दार बंद ते बंदच. कारण एलएसएल (सेकंड लाइफची स्क्रिप्ट-भाषा) मधली स्क्रिप्ट तुमच्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. ती चालते त्या रीजनच्या (जगातल्या त्या भागाच्या) सिम्युलेटरवर, म्हणजे सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडन लॅबच्या बाजूला. व्ह्यूअर, म्हणजे हे जग पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम, फायरस्टॉर्म असो की लिंडनचा स्वतःचा, स्क्रिप्टनं जे केलं ते तो फक्त दाखवतो.

म्हणून आधी दोष कुठल्या बाजूचा ते पाहा. दुसऱ्या व्ह्यूअरवरच्या मित्रालाही दार बंदच दिसत असेल, तर तुमच्या व्ह्यूअरला हात लावू नका. कंट्रोल-शिफ्ट-१ दाबून आकडेवारीची खिडकी उघडा. टाइम डायलेशन (रीजनचा वेळ किती मंदावलाय ते) १ च्या आसपास आणि सिम एफपीएस (सिम्युलेटरच्या दर सेकंदाच्या फ्रेम) ४५ च्या जवळ असला की रीजन ठणठणीत. एका फ्रेमला सुमारे २२ मिलिसेकंद मिळतात. त्यातला स्पेअर टाइम (उरलेला वेळ) शून्यावर आला असेल, तर तुमची स्क्रिप्ट रांगेत उभी आहे. वरच्या पट्टीत 'स्क्रिप्ट बंद'चं चिन्ह दिसतंय का तेही बघा; तसं असेल तर वस्तू सँडबॉक्समध्ये (वस्तू करून पाहायच्या मोकळ्या जागेत) नेऊन तपासा.

याला अपवाद आहेत. पार्टिकल्स (धूर, ठिणग्यांसारखे कण), टेक्स्चर ॲनिमेशन आणि फिजिक्स नसलेल्या वस्तूचं एलएल-टार्गेट-ओमेगानं फिरणं, हे व्ह्यूअर स्वतः रंगवतो. पंख्याची पाती दोघांना वेगवेगळ्या कोनात दिसली तर तो बग नव्हे. चुलीचा धूर एकालाच दिसत नसेल, तर त्याच्या ग्राफिक्स सेटिंगमधली पार्टिकल्सची मर्यादा वाढवा. (फंक्शनांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये ती रोमनमध्येच लिहायची.)

मालक बदलला, कान जुन्याकडेच

विकलेल्या वस्तूंबद्दल येणाऱ्या तक्रारींमध्ये ही नेहमीची. स्टेट-एंट्रीमध्ये (स्क्रिप्ट सुरू होताना चालणाऱ्या भागात) एलएल-लिसन (चॅट ऐकणारं फंक्शन) लावताना एलएल-गेट-ओनरची की (मालकाचा ओळख-क्रमांक) दिलेली असते. वस्तू विकली, नव्या मालकानं रेझ केली (जगात मांडली), तरी स्टेट-एंट्री पुन्हा चालत नाही. स्क्रिप्ट जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालू लागते. लिसनर जुन्या मालकाचंच ऐकत राहतो आणि नवा मालक बिचारा ओरडत बसतो. उपाय: चेंज्ड इव्हेंटमध्ये (वस्तूत बदल झाला की चालणाऱ्या भागात) चेंज्ड-ओनर तपासा आणि एलएल-रीसेट-स्क्रिप्ट करा. रीसेटमुळे व्हेरिएबल्स पुसली जातात, म्हणून टिकवायची माहिती लिंकसेट डेटात (रीसेटनंतरही वस्तूत टिकणाऱ्या साठ्यात) ठेवा.

चॅनल ० वर (सगळ्यांच्या चॅटवर) लिसन लावणं तर टाळाच. आसपास कोणीही काहीही बोललं की फिल्टर नसलेली स्क्रिप्ट जागी होते. चॅनलसाठी मोठा ऋण आकडा घ्या. प्रत्येक टचला नवा लिसन उघडून तो बंद न करणं ही त्याची जुळी चूक. एका स्क्रिप्टला ६५ लिसनांची मर्यादा आहे, त्यापुढे एरर येते. मेन्यूचं उत्तर आलं की एलएल-लिसन-रिमूव्ह करा. शिवाय ३० ते ६० सेकंदांचा टायमरही लावा, कारण मेन्यूच्या डायलॉगवर 'इग्नोर' दाबलं तर स्क्रिप्टला काहीच कळत नाही.

मराठी बटणं का फुटतात

एलएल-डायलॉगमध्ये १२ बटणं बसतात आणि प्रत्येक बटणावर २४ बाइट. इंग्रजीत याचा अर्थ २४ अक्षरं. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं. 'दरवाजा उघडा' म्हणजे १० चिन्हांचे ३० आणि मधल्या जागेचा १, असे ३१ बाइट. एरर येणारच. 'दार उघडा' २२ मध्ये बसतं. एलएल-स्ट्रिंग-लेंग्थ चिन्हं मोजतं, बाइट नव्हे, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. आणि एलएल-गेट-सबस्ट्रिंगनं पहिली आठ चिन्हं कापली तर मर्यादा पाळली जाते, पण शब्द हलंतावर तुटून भलतंच दिसू शकतं. लहान शब्द निवडणं बरं.

कोडातल्या खोड्या

सेव्ह होते पण चुकीचं वागते, अशा स्क्रिप्टमध्ये प्रथम इफच्या कंसात == ऐवजी = पडलंय का ते शोधा; कंपायलर ते मुकाट्यानं स्वीकारतो. एलएल-लिस्ट-फाइंड-लिस्टला पहिल्याच जागी घटक सापडला की ते ० देतं आणि न सापडल्यास -१. नुसत्या इफमध्ये घातलं तर अर्थ उलटा होतो, म्हणून != -१ असं स्पष्ट लिहा.

&& ('आणि') मध्ये एक बाजू खोटी ठरली तरी एलएसएल दुसरी बाजू तपासतंच. 'भाजक शून्य नाही आणि भागाकार पाचपेक्षा मोठा' एका ओळीत लिहिलं, तर शून्यानं भागल्याची मॅथ एरर येते. एकात एक दोन इफ लिहा.

एलएल-रिक्वेस्ट-परमिशन्सच्या लगेच खाली ॲनिमेशन सुरू करू नका. परवानगी नंतर येते, तेव्हा ते काम रन-टाइम-परमिशन्स इव्हेंटमध्ये टाका. स्टेट (स्क्रिप्टची अवस्था) बदलली की लिसन बंद होतात, टायमर मात्र चालूच राहतो. नव्या स्टेटमध्ये टायमर इव्हेंट असेल तर तो अवचित चालतो.

'स्टॅक-हीप कोलिजन' म्हणजे मेमरी संपली. मोनो या नव्या पद्धतीत प्रत्येक स्क्रिप्टला ६४ केबी मिळतात, जुन्या पद्धतीत १६. आधी मोनोची खूण लावली आहे का बघा, मग सतत वाढणारी लिस्ट शोधा.

फायरस्टॉर्मचा प्रीप्रोसेसर (सेव्ह करताना कोड बदलून देणारी सोय) वापरत असाल तर एक काळजी घ्या. तुमचा मूळ कोड तो कॉमेंटमध्ये जपतो आणि खाली तयार केलेला कोड ठेवतो. दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडून खालचा भाग दुरुस्त केला, तर फायरस्टॉर्ममध्ये पुन्हा सेव्ह करताच ती दुरुस्ती गायब.

व्ह्यूअरच कोसळला तर

लगेच पुन्हा उघडू नका. विंडोजमध्ये ॲपडेटा-रोमिंगखाली व्ह्यूअरच्या फोल्डरात लॉग्ज असतात. ताजी लॉग फाइल दुसरीकडे कॉपी करा. व्ह्यूअर पुढच्या वेळी सुरू झाला की तिचं नाव बदलून ती 'जुनी' होते, आणि त्याच्या पुढच्या वेळी पुसली जाते. तक्रार नोंदवताना ही फाइल, हेल्प-अबाउटमधून कॉपी केलेली माहिती आणि बग पुन्हा घडवायच्या पायऱ्या जोडा. स्क्रिप्टचा संबंध असेल, तर तीच चूक दाखवणारी दहा-बारा ओळींची वेगळी स्क्रिप्ट द्या. हजार ओळींची मूळ स्क्रिप्ट कोणी वाचत नाही.