छोट्या गावात घर घेताना आणि विकताना : आधी पाणी, वाट आणि हद्द

शहरात घर घेताना आपण भिंतींच्या आतलं बघतो, कारण पाणी, रस्ता आणि सांडपाण्याची सोय आधीच कुणीतरी लावून दिलेली असते. शांत, छोट्या गावात तसं गृहीत धरता येत नाही. तिथे भिंत दुरुस्त करता येते, छप्पर बदलता येतं. पण आटलेली विहीर किंवा दुसऱ्याच्या जमिनीतून जाणारी वाट दुरुस्त होत नाही. मी नेमकं उलटं केलं होतं. आधी ओसरी आणि आवारातलं झाड आवडलं, कागद नंतर पाहिले. दुसऱ्याच वर्षी शेजारच्या जमिनीचा मालक बदलला आणि वाटेवर फाटक बसलं. त्या वाटेने वर्षानुवर्षं गाड्या येत-जात होत्या, पण कागदावर ती कुठेच नव्हती. शेवटी वाटेचा हक्क वेगळे पैसे मोजून विकत घ्यावा लागला. म्हणून पुढचा क्रम मनापासून सांगतो आहे.

पायरी १ : आधी राहून बघा

जमलं तर काही महिने त्याच गावात भाड्याने राहा. नाहीच जमलं, तर निदान तीन वेगवेगळ्या वेळी जा: आडवारी, रात्री आणि तिथला सर्वांत अवघड ऋतू चालू असताना. सुट्टीच्या दिवशी ऊन पडलेलं असताना पाहिलेलं गाव हे अर्धंच गाव असतं. दवाखान्यापर्यंत गाडीने खरोखर किती मिनिटं लागतात, वीज गेली तर किती वेळ येत नाही, फोनला रेंज घरात मिळते की अंगणात जावं लागतं, हे स्वतः अनुभवा.

पायरी २ : पाणी मोजा

विकणारा म्हणेल, "पाणी भरपूर आहे." तुम्ही २० लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन जा. पंप चालू करा, बादली किती वेळात भरते ते लिहून ठेवा. एका मिनिटात भरली तर तासाला १,२०० लिटर. पण खरी परीक्षा पुढे आहे. पंप दोन-तीन तास सलग चालू ठेवा आणि पुन्हा मोजा. धार बारीक झाली, पाणी गढूळ आलं किंवा पंप हवा ओढू लागला, तर साठलेलं पाणी संपत आलं आणि झरा कमी पडतो आहे असं समजा. ही चाचणी कोरड्या दिवसांतच करा. भरल्या पाण्याच्या दिवसांत कुठलीही विहीर चांगलीच दिसते.

मग पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लक्षात ठेवा: फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ५० मिलिग्रॅम, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू अजिबात नकोत. जंतू सापडले तर आधी सेप्टिक टाकी कुठे आहे ते शोधा. टाकी आणि विहीर यांत निदान १५ मीटर अंतर हवंच, ३० असेल तर उत्तम, आणि टाकी उताराच्या वरच्या बाजूला नको. टाकीचं झाकण उघडून बघायला संकोच करू नका. शेवटचा उपसा कधी झाला, हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर उपशाचा खर्च हिशेबात धरा.

पायरी ३ : हद्द पायाखालून घाला

नकाशा हातात घेऊन विकणाऱ्याबरोबर चारी बाजूंनी चाला. कुंपण म्हणजे हद्द नव्हे. कुंपण सोयीच्या जागी घातलेलं असतं. नंतर अधिकृत मोजणी करून घ्या आणि मोजणीच्या वेळी शेजाऱ्यांना बोलवा. सार्वजनिक रस्त्यापासून दारापर्यंतची वाट कुणाच्या जमिनीतून जाते, आणि तिचा हक्क खरेदीखतात लिहिलेला आहे का, हे विचाराच. "आजवर कुणी अडवलं नाही" हे उत्तर पुरेसं नाही.

पायरी ४ : कागद

ऑस्ट्रेलियात १८५८ साली जमिनीच्या मालकीच्या नोंदणीची टॉरेन्स पद्धत सुरू झाली. तिच्यात नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, अशी हमी सरकार देतं. पण अनेक देशांत फक्त दस्ताची नोंद होते आणि विकणारा खरा मालक आहे की नाही, हे घेणाऱ्यालाच पडताळावं लागतं. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे, ते आधी वकिलाला विचारा.

गावाकडच्या घरांत नेहमीची अडचण वारसांची. घरात राहतो एक भाऊ, पण हक्क पाच जणांचा, आणि त्यांतले दोघं परगावी. सगळ्यांची लेखी संमती आणि सही हातात येईपर्यंत इसारसुद्धा देऊ नका. कर्जाचा बोजा, भाडेकरू, थकलेली बिलं हेही तपासा.

पायरी ५ : घराचं अंग

पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. त्याआधीची घरं, आणि त्यानंतरचीही पुष्कळशी, चुन्यात किंवा मातीत बांधलेली आहेत. अशी भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, आणि वरून नवी दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते. जुन्या घराला खालच्या मीटरभर उंचीत ताजा गिलावा किंवा ताजा रंग दिसला, तर कारण विचारा. शंका असेल तर फूटभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दिवस-रात्र ठेवा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला आले तर ती खोलीतल्या हवेची.

लाकडासाठी पेचकस पुरतो. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे टोचा. एका घरात पेचकस वर रंगवलेल्या वाशात ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा मुठीपर्यंत गेला, आणि रंगाच्या पापुद्र्याखालून भुसा ओघळला. बाकीचे वासे पाहायचीही गरज उरली नाही.

पायरी ६ : किंमत

इथे व्यवहार वर्षाला मोजके होतात, त्यामुळे "चालू भाव" असं काही ठाम नसतं. मागच्या दोन-तीन वर्षांत खरोखर विकली गेलेली घरं शोधा. मागितलेली किंमत नको, मिळालेली हवी. दुरुस्तीचा अंदाज गवंडी आणि सुताराकडून लेखी घ्या आणि तो कागद समोर ठेवूनच बोला. कर्ज काढणार असाल तर बँकेचं मूल्यांकन तुमच्या सौद्यापेक्षा कमी येऊ शकतं. ते हातात आल्यावरच शब्द द्या.

तुम्ही विकणारे असाल तर

वरचं सगळं तुमच्याकडून आधीच झालेलं असू द्या: वारसांच्या सह्या, मोजणी, पाण्याचा अहवाल. हे करायला महिने लागतात आणि तेवढ्यात तयार झालेलं गिऱ्हाईक हातचं जातं. घर बंद ठेवू नका. बंद घर झपाट्याने उतरतं. आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडा, नळ सोडा, पन्हळी साफ करा.

बांधायला किती खर्च आला, यावर किंमत लावू नका. अवाच्या सवा मागून हळूहळू उतरणं गावात फार महागात पडतं, कारण घर दोन वर्षं पडून आहे ही बातमी घेणाऱ्याच्या आधी पोहोचलेली असते.

आणि दोष लपवू नका. गळकं छप्पर, उन्हाळ्यात कमी होणारं पाणी, शेजाऱ्याशी चाललेला वाद, सगळं लिहून द्या. घेणारा उद्या चौकात भेटणार आहे, आणि काल घर सोडून गेलेल्यांचं नाव गावात टिकून राहतं.

शेवटची पायरी : ताबा

इसाराच्या कागदावर रक्कम, मुदत, कोणत्या अटीवर इसार परत मिळेल आणि घरात काय काय राहणार (पंप, टाक्या, माळ्यावरचं लाकूड) हे लिहा. पैसे बँकेतूनच द्या. ताब्याच्या दिवशी मीटरचे आकडे दोघांच्या सहीने टिपा. मग तासभर काढून घरभर फिरा: पाण्याचा मुख्य कॉक, सांडपाण्याच्या चेंबरची झाकणं, कुठली खिडकी वाऱ्याला आपटते, पंप अडला तर कुणाला बोलवायचं. विकणाऱ्याने हे बोलत राहावं, घेणाऱ्याने वहीत लिहीत जावं, आणि चावी त्यानंतर हातात द्यावी.