'कबुली'चं मूळ कसं शोधायचं

उदगीरच्या तहसिलीसमोर माझं अर्ज लिहायचं टेबल आहे. कबूल, कबुली, कबुलीजबाब, कबुलायत हे शब्द दिवसातून दहादा माझ्या हातून कागदावर उतरतात. ते आले कुठून, हे शोधताना मला जी वाट सापडली, ती तुम्हीही चालून बघा.

आधी घरातले जुने कागद काढा. १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इकडच्या पत्र्याच्या पेट्यांत उर्दू कागद निघतात. आमच्या पेटीत आजोबांची कबुलायत निघाली. सरकार किंवा जमीनदार पट्टा देई आणि त्याच्या बदल्यात 'इतका सारा भरीन' असं शेतकरी लिहून देई, ती कबुलायत. तिच्यात गुन्ह्याचा वासही नाही, नुसता स्वीकार आहे. निकाहातलं 'कबूल'ही तसंच.

मग अक्षर बघा. उर्दू वाचता येत नसेल तर गावातल्या उर्दू शाळेच्या गुरुजींकडे कागद न्या. मला त्यांनी कबूलचं पहिलं अक्षर दाखवलं: वर दोन टिंबं, उच्चार घशातून. मराठीत ते साध्या 'क'मध्ये मिसळून गेलं आणि तिथेच फसगत होते. काबुली हरभऱ्याचा या कबुलीशी काही संबंध नाही. तो काबूल शहरावरून आला, आणि त्याचा 'क' बिनटिंबांचा, वेगळाच.

नंतर कोश उघडा. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो. शब्दापुढच्या खुणेवरून तो अरबी, फारसी की संस्कृत ते कळतं. माधव जूलियन यांचा फारसी-मराठी कोश (१९२५) मिळाला तर सोडू नका.

शब्द अरबी निघाला की स्वर बाजूला ठेवा आणि तीन व्यंजनं धरा: क, ब, ल. आता त्यांची भावंडं शोधा. मुकाबला म्हणजे समोरासमोर येणं. किबला म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा. इस्तकबाल म्हणजे पाहुण्याला सामोरं जाणं. इकबालही त्यांतलाच, माणसाच्या नावात तो भाग्य, तर उर्दू कचेरीत 'इकबाल-ए-जुर्म' म्हणजे गुन्ह्याची कबुली. सगळ्यांच्या पोटात 'समोर' आहे! हे उमगलं त्या रात्री मी जेवता जेवता घरात सगळ्यांना सांगितलं. लहानपणी आमच्यापैकी कुणी काही लपवलं की आई म्हणायची, "तोंड फिरवू नगंस, हिकडं बघून सांग." तिला अरबी कुठून येणार, पण शब्दाचं मूळ तिच्या तोंडात होतं.

जोडशब्द तोडताना जपा. कबुलीजबाबातला जबाब अरबी 'जवाब', म्हणजे उत्तर. जबानी मात्र फारसी 'जबान', म्हणजे जीभ.

आणि आजचा वापर तपासा. "दहा हजार कबूल केले होते" यात वचन आहे, "कबुली दिली" यात अपराध. कायद्याची चाळणी आणखी बारीक. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. आधी हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे.

म्हणून कुणी "काका, लिहा, मला कबूल हाय" म्हणालं, की मी पेन खाली ठेवतो आणि विचारतो: पैसे देणं कबूल, का घेतले होते हे कबूल?