दर वेळी ती उन्हाळीच असते असं नाही

मे लागला की आमच्या लॅबच्या काउंटरवर हेच ऐकू येतं. "मॅडम, उन्हाळी लागली. चार दिवस झाले धन्याचं पाणी पिऊन राहिली, पण आग जाऊनच नाही राहिली." नागपुरात 22 वर्षं लघवी-रक्त तपासते आहे, म्हणून या चार दिवसांची मला फार काळजी वाटते.

45 अंशांत घाम जातो, पाणी कमी पडतं, लघवी गडद पिवळी होते आणि जळजळते. ही उन्हाळी. भरपूर पाणी प्यायलं की काही तासांत रंग उतरतो, आगही थांबते. धन्याचं पाणी, सब्जा खुशाल घ्या. पण लघवी फिकी होऊनही आग राहिली, थेंबभर होऊन लगेच परत जावंसं वाटलं, ओटीपोट दुखलं, लघवी गढूळ किंवा लालसर दिसली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या म्हणजे तो किडनीपर्यंत पोचला असेल. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाई, मधुमेही, लहान मूल किंवा पुरुष असेल तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नका.

आता नमुन्याचं, कारण इथेच सगळं बिघडतं. कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाने मरतात हे पाहणारी तपासणी, सांगितली असेल तर नमुना जंतूंवरच्या पहिल्या गोळीच्या आधी द्या. दोन डोस पोटात गेले की बऱ्याचदा जंतू वाढत नाहीत आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. जॅमची, खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन आणू नका. लॅबमधून निर्जंतुक डबी घ्या, आतून बोट लावू नका. हात धुवा, जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धरा. तासाभरात पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. भर दुपारी गाडीच्या डिक्कीत राहिलेला नमुना आम्हाला नको असतो. उबेत हे जंतू साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतात. पाळी चालू असेल तर सांगा, लाजू नका.

बर्डीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, साडीच्या दुकानात काम करणारी एक ताई आली होती. दुकानात बाईमाणसाला जायची सोय नाही, म्हणून दिवसभर पाणीच पीत नसे. तीनदा शेजारणीने सांगितलेली तीच गोळी मेडिकलमधून घेतली, दोन दिवसांत बरं वाटलं की बंद. कल्चरमध्ये ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघाला, बहुतेकींमध्ये तोच असतो. त्या गोळीला तो आता दाद देत नव्हता. मला फार वाईट वाटलं.

साधी तपासणी त्याच दिवशी होते, कल्चरला दोनेक दिवस लागतात. तोवर डॉक्टर गोळी सुरू करतात, रिपोर्ट पाहून गरज पडली तर बदलतात. नायट्रोफ्युरान्टॉइन हे जंतू मारणारं औषध बहुधा 5 दिवस, जेवणासोबत. त्याने लघवी तपकिरी झाली तरी घाबरू नका. फॉस्फोमायसिन या तशाच दुसऱ्या औषधाची पुडी एकदाच. जळजळीचं सिरप आग कमी करतं, जंतू मारत नाही. सांगितलेले दिवस पूर्ण करा. दोन दिवसांत फरक नसेल तर परत दाखवा.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंमी, पुरुषाचा 20 च्या आसपास, म्हणून हा त्रास आपल्याला जास्त. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या बायकांवरचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी वाढवल्यावर वर्षातली दुखणी जवळपास निम्मी झाली. लघवी दाबून ठेवू नका, संबंधानंतर जाऊन या. त्या ताईला मी मालकाशी बोलायला लावलं. मागच्या गोदामातल्या संडासाची किल्ली आता काउंटरवर असते.

आणि एक निर्जंतुक डबी घरी असू द्या. आग रात्रीही उठू शकते. तेव्हाच नमुना धरून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी आणा.