पाळीव उंदराला खाज सुटली तर

मानेमागचे केस गेले, खपल्या धरल्या, की आधी पिंजऱ्यातला भुसा काढा. आमच्या चोपडा गावात चीड-देवदाराच्या खोक्यांचा भुसा लोक सर्रास घालतात. त्याच्या उग्र वासानं कातडी नि श्वास दोन्ही बिघडतात. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या बऱ्या. खान्देशात कापूस घरोघरी, पण तो नकोच, पायाला गुंडाळतो.

खोबरेल, हळद, माणसांचं मलम लावू नका. उंदीर सगळं चाटतो. बहुधा कारण असतं माइट्स, म्हणजे केसांत राहणारे, सहज न दिसणारे गोचिडीसारखे बारीक जीव. त्यांच्यावरचं औषध, आयव्हरमेक्टिन, जनावरांच्या डॉक्टरांकडूनच घ्या. माझी चिंगी जेमतेम 30 ग्रॅमची, एवढ्याशा जिवाला थेंबभर जास्तही घातक! अंड्यांतून नवे माइट्स निघतात, म्हणून डोस पुन्हा लागतो, तोही पिंजऱ्यातल्या सगळ्यांना एकदम. मे महिन्यात दवाखान्यात पहाटेच न्या, ऊन त्यांना सोसत नाही.