पिंक ई-रिक्षा घ्यायची म्हणताय? आधी हे बघा

पुण्यात बायका रिक्षा चालवू लागल्या, कारण वेळा आपल्या हातात राहतात आणि रोजची रोकड मिळते. राज्याच्या पिंक ई-रिक्षा योजनेत २० टक्के अनुदान, १० टक्के आपले, उरलेले ७० टक्के बँकेचे कर्ज. समजा गाडी ४ लाखांची, तर पदरचे ४०,००० आणि कर्ज २ लाख ८० हजार. १० टक्के व्याजाने ५ वर्षांचा हप्ता साधारण ५,९५० रुपये पडतो.

अर्जाआधी शिकाऊ लायसन काढा. पक्क्यासाठी ३० दिवस थांबावंच लागतं. बॅजसाठी, म्हणजे प्रवासी वाहन चालवण्याच्या बिल्ल्यासाठी, पोलीस पडताळणी लागते, तीही लवकर सुरू करा. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला हाताशी असू द्या. कर्ज अडतं ते बहुतेक वेळा बचतगटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या थकलेल्या हप्त्यापायी, म्हणून सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा स्कोअर, आधीच तपासा.

स्कूटर चालवता येणारीला रिक्षाचं हँडल सवयीचं वाटतं, आणि फसगत तिथेच होते. स्कूटर वळताना आपण कलतो. रिक्षा कलत नाही. पुढे एकच चाक, त्यामुळे वेगात वळलं की आतलं मागचं चाक उचलतं. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळताना करकचून ब्रेक नको. आठवडाभर मोकळ्या मैदानात, मग मागे दोघांना बसवून सराव करा.

चार्जिंगला १५ अँपिअरचा स्वतंत्र, अर्थिंगवाला पॉइंट हवा. साधी एक्स्टेन्शन वायर तापते, वितळतेही. कात्रजच्या चढाला, भरल्या गाडीत बॅटरी झपाट्याने उतरते. कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरवर भिस्त ठेवू नका. रोजच्या मार्गावरची स्वच्छतागृहंही आधीच हेरून ठेवा.